नवीन नर्सचं ट्रान्झिशन ट्रेनिंग

कोर्स संपला, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झालं, तरी वॉर्डात लगेच एकटीवर पेशंट सोपवायचे नाहीत, काही आठवडे ते वर्षभर सीनियर सिस्टरसोबत ठेवून तयार करायचं, ही ती पद्धत. अमेरिकेत रेसिडेन्सी, ब्रिटनमध्ये प्रिसेप्टरशिप, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नुसतं इंडक्शन, म्हणजे रुजू होताना दिलेली तोंडओळख.

याची सुरुवात कुठून धरायची यावर मतं वेगळी आहेत. बरेच जण अमेरिकन नर्स-संशोधक मार्लिन क्रेमर यांच्यापासून धरतात, त्यांनी १९७४ मध्ये 'रिॲलिटी शॉक' ही कल्पना मांडली, म्हणजे कॉलेजात शिकलेलं आणि वॉर्डात चालणारं यात इतकी तफावत की नवीन मुली नोकरीच सोडतात. दुसरं मत असं की ही दरी त्याहून जुनी, शिक्षण हॉस्पिटलच्या स्कूलमधून कॉलेजात गेलं तेव्हाच ती पडायला लागली, कारण आधी विद्यार्थिनीच वॉर्ड चालवायच्या. हेच जास्त पटतं, क्रेमर यांनी दुखण्याला नाव दिलं एवढंच. नर्सिंगच्याच अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनाही (१९८४) काही जण जनक म्हणतात, पण त्यांच्या नवखी ते तज्ज्ञ या पाच पायऱ्या ड्रायफस बंधूंच्या कौशल्य कसं येतं या मॉडेलवरून घेतलेल्या, आणि ते कौशल्याचं वर्णन आहे, ट्रेनिंगचा आराखडा नाही. अमेरिकेतली वर्षभराची रेसिडेन्सी साधारण २००२ पासूनची, स्कॉटलंडचा नवीन नर्ससाठीचा 'फ्लाइंग स्टार्ट' कार्यक्रम २००६ चा.

आपल्याकडची इंटर्नशिप ही कोर्समधलीच, ती याच्यात मोजू नये, तिथं सही, म्हणजे जबाबदारी, दुसऱ्याची असते.

सोलापुरात सिव्हिल असो की खाजगी, खरं शिक्षण ओव्हर देता-घेताना, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती सोपवताना होतं. नवीन स्टाफ केसपेपर बघून "पेशंट स्टेबल आहे" म्हणते, सीनियर विचारते, "युरीन किती झाली? सलाईन किती वाजता लावलं?", की ही परत बेडकडे पळते, युरीनची बॅग उचलून आकडा वाचते, मग पुढचा बेड. इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत घालायची नळी) पहिल्या फटक्यात न लागणं तर ठरलेलंच. त्यात इथं अक्कलकोटकडचे, विजयपूर-कलबुर्गीचे पेशंट कानडी बोलतात, शहराच्या पूर्व भागातले तेलुगू. आजी पोटावर हात ठेवून कानडीत "नोवु" म्हणाली काय आणि तेलुगूत "नोप्पी" म्हणाली काय, दोन्ही म्हणजे दुखतंय, पण कुठं आणि कधीपासून हे विचारायला बाहेरगावची मुलगी आधी मावशींनाच हाक मारते.