विंचू उतरवणारी गोळी

कोकणात विंचू चावला की दोन तऱ्हेचे रुग्ण येतात. पहिला बोंबलत येतो. ठणका असह्य झालेला, बोट घट्ट धरून बसलेला, कुणाला हात लावू देत नाही. दुसरा बराच गप्प असतो. दुखतंय का विचारलं तर 'थोडं' म्हणतो, पण सदरा घामाने चिंब, एक-दोन उलट्या झालेल्या, हातपाय गार. घाबरायचं ते या दुसऱ्याला पाहून.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा हा फरक कुणी धड लिहून ठेवलेला नव्हता. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला, नागपुरात एमबीबीएस झालेला हा माणूस. पावसाळ्याच्या तोंडावर आणि भातकापणीच्या दिवसांत विंचू चावलेली माणसं यायची, त्यात मुलं बरीच. काही तासाभरात हसत घरी जायची, काहींना रात्रीतून धाप लागायची, तोंडाला गुलाबी फेस यायचा आणि खेळ संपायचा. विषाची लक्षणं अंगभर पसरलेल्यांपैकी चारातला एक तरी दगावत असे.

गावाचा भरवसा मांत्रिकावर होता, आणि त्याला कारणही होतं. बहुतेक दंश फक्त ठणका देतात आणि आपोआप बरे होतात. त्यामुळे विंचू 'उतरवणारा' दहातल्या बऱ्याच वेळा यशस्वी दिसतोच. खरं सांगायचं तर त्या काळचे डॉक्टरही फार पुढे नव्हते. स्टिरॉइड, ॲलर्जीची इंजेक्शनं, गुंगीची औषधं, ॲट्रोपिन असं हाताला येईल ते दिलं जाई. त्यातलं ॲट्रोपिन तर आधीच पळत सुटलेल्या हृदयाला आणखी पळवतं.

बावस्करांनी आधी केलं ते अगदी साधं काम. रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, घाम, उलटी, श्वास, सगळं वेळ टाकून वहीत. अशा बऱ्याच रात्रींनंतर क्रम दिसायला लागला. आधी उलटी आणि घाम, मग हातपाय गार आणि रक्तदाब चढलेला, मुलग्यांमध्ये लिंगाचा ताठरपणा, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी. म्हणजे मृत्यू अचानक येत नव्हता, आधी वर्दी देत होता. ही पूर्वलक्षणं १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

आत काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. कोकणातला हा जीवघेणा विंचू छोटा आणि तांबूस असतो. काळी, थोराड इंगळी दिसायला भयंकर, पण जीव घेतो तो हा लहानखुरा लाल. त्याच्या विषातली प्रथिनं चेतातंतूंवरची, सोडियम आत सोडणारी सूक्ष्म दारं उघडीच ठेवतात. दार उघडं राहिलं की चेतातंतू संदेश पाठवतच राहतो आणि रक्तात ॲड्रिनलिन-नॉरॲड्रिनलिन या संप्रेरकांचा लोंढा येतो. हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं, रक्त मागे तुंबतं आणि फुप्फुसात पाझरतं.

एकदा हे असं मांडलं की उपाय हृदयाला चाबूक मारण्यात नाही, त्याच्यासमोरची वाट मोकळी करण्यात आहे, हे दिसतं. पुण्याला एम.डी. करून बावस्कर पुन्हा याच भागात आले आणि त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं. वाहिन्या सैल करणारं जबरदस्त औषध. ते लागूही पडत होतं. पण ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यायचं, उजेडापासून झाकून ठेवायचं, रक्तदाब सतत मोजत राहायचं. रात्री दोन वाजता कंदील आणि एक नर्स असलेल्या आरोग्य केंद्रात हे कोण करणार?

माझ्या मते खरी कलाटणी पुढच्या पावलात आहे. त्यांनी ते जोरदार औषध बाजूला ठेवून प्राझोसिन घेतलं. उच्च रक्तदाबासाठी वापरली जाणारी, तोंडाने घ्यायची स्वस्त गोळी. नॉरॲड्रिनलिन रक्तवाहिनीला आवळतं ते वाहिनीवरच्या अल्फा-१ नावाच्या ग्राहीमार्फत, म्हणजे संदेश झेलणाऱ्या जागेमार्फत, आणि प्राझोसिन नेमकं तिथेच ठाण मांडून बसतं. १९८६ मध्ये डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी हा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये मांडला. मोठ्या रुग्णालयापर्यंतचा घाटरस्ता आणि विषाचं घड्याळ यांच्या शर्यतीत विष जिंकत होतं. गोळी गावातच मिळू लागली तशी ती शर्यतच टळली. पुढे मृत्यूचं प्रमाण सुमारे १ टक्क्यावर आलं.

वैद्यकातलं नेतृत्व म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अधिष्ठाता, संचालक, समितीचे अध्यक्ष येतात. इथे पद होतं मेडिकल ऑफिसरचं. बदल पसरला तो छापील निबंधांतून, आणि एका आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला जमलं ते शेजारच्यालाही जमण्याजोगं होतं म्हणून. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, पण ती फार नंतरची गोष्ट.

प्रतिविष मिळू लागल्यावर वाद झाला. रक्तात फिरणारं विष प्रतिविषाने निकामी होतं हे खरं, पण आधीच सुटलेलं ॲड्रिनलिन ते परत आणू शकत नाही. मग काय वापरायचं? आपल्या नावाशी जोडलेल्या गोळीचीच बाजू लावून धरणं बावस्करांना सोपं होतं. त्यांनी चाचणी घेतली. महाडला ७० रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले. निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात ३५ पैकी ८, दुसऱ्यात ३५ पैकी ३२. हा निष्कर्ष २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. म्हणजे एकटी गोळी जीव वाचवते, पण जोडीला प्रतिविष असेल तर माणूस लवकर उठतो, हे त्या गोळीच्या पुरस्कर्त्यानेच दाखवून दिलं.

गोळी देण्याची रीतही आरोग्य केंद्राला परवडेल अशीच आहे. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला आडवंच ठेवायचं, उठून बसू द्यायचं नाही. मग दर तीन तासांनी पुन्हा गोळी. कधी थांबायचं, हे ठरवायला कुठलंही यंत्र लागत नाही. नर्स पांघरूण बाजूला करून पायाला हात लावून बघते. पाय कोरडा आणि गरम लागला की पुढची गोळी द्यायची नाही.