‘इफ....’मधला रंग मधेच का जातो?

शाळकरी मुलांच्या बंडावरचा ब्रिटिश सिनेमा ‘इफ....’ (१९६८) पाहून उठलेला प्रेक्षक हमखास विचारतो, रंगीत सिनेमा मधूनमधून कृष्णधवल का होतो? त्यावर ठरलेलं उत्तर येतं: पैसे संपले, रंगीत फिल्म परवडेना. ही कथा इतकी वर्षं सांगितली गेली आहे की ती आता माहिती म्हणूनच खपते. दिग्दर्शक लिंडसे अँडरसनची आधीची आणि नंतरची कामं शेजारी ठेवून पाहिली, तर मात्र ती अर्धवट ठरते.

अँडरसनचा जन्म १९२३चा, बंगळूरचा. वडील ब्रिटिश फौजेत अधिकारी. शाळा चेल्टनहॅमची, पुढे ऑक्सफर्ड. मित्रांबरोबर चालवलेल्या ‘सीक्वेन्स’ या नियतकालिकातून त्याने आधी समीक्षक म्हणून नाव कमावलं. १९५६मध्ये लंडनच्या नॅशनल फिल्म थिएटरमध्ये ‘फ्री सिनेमा’ या नावाने लघुपट दाखवायला सुरुवात झाली, त्यामागेही तोच होता. त्या काळातल्या त्याच्या माहितीपटांत मार्गेटच्या जत्रेसारख्या करमणूक उद्यानातली माणसं आहेत, कॉव्हेन्ट गार्डनच्या बाजारात रात्रभर भाजी-फुलं उतरवणारे हमाल आहेत. कर्णबधिर मुलांच्या शाळेवरच्या ‘थर्सडेज चिल्ड्रन’ला ऑस्कर मिळालं. या कालखंडाबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, म्हणून इथे एवढंच.

आता रंगाकडे. ‘इफ....’चं चित्रीकरण बरंचसं अँडरसनच्या स्वतःच्या जुन्या शाळेत झालं. तिथल्या चॅपलला, म्हणजे प्रार्थनागृहाला, मोठमोठ्या खिडक्या. बाहेरचा उजेड क्षणाक्षणाला बदलणार. एवढ्या जागेत पुरेसे दिवे लावायला ना पैसे होते ना वेळ, आणि रंग एकसारखा राहील याची खात्री देता येणार नाही, असं चेक छायाचित्रकार मिरोस्लाव्ह ऑन्द्रीचेकने स्पष्ट सांगितलं. मग चॅपल कृष्णधवलमध्ये घ्यायचं ठरलं. म्हणजे पैशाची गोष्ट अगदीच खोटी नाही, पण ती एवढ्यापुरतीच.

कारण चॅपलबाहेरही रंग जातो. रस्त्याकडेच्या कॅफेत नायक आणि तिथली मुलगी वाघासारखी गुरगुरत एकमेकांवर झेपावतात, तो प्रसंग कृष्णधवल आहे. मुलं बाहेर गेलेली असताना हाउसमास्तरची (वसतिगृहप्रमुखाची) बायको रिकाम्या वसतिगृहातून विवस्त्र चालत जाते, तेही कृष्णधवल. या दोन्ही ठिकाणी चॅपलची अडचण नव्हती. चॅपलमधला परिणाम आवडला म्हणून तो इतरत्रही वापरला, असं खुद्द दिग्दर्शकच सांगत असे. काही अभ्यासकांनी याचं उलटं टोक गाठलं: कृष्णधवल म्हणजे स्वप्न, रंगीत म्हणजे वास्तव. हेही जुळत नाही. चॅपलमधली रोजची प्रार्थना स्वप्न कशी? आणि शेवटी छपरावरून होणारा गोळीबार, जो वास्तव मानणं सर्वांत अवघड, तो तर पूर्ण रंगीत आहे.

माझ्या मते सगळ्यात भक्कम पुरावा आहे ‘द व्हाइट बस’. ‘इफ....’च्या आधीचा हा जेमतेम पाऊण तासाचा सिनेमा, छायाचित्रकार तोच ऑन्द्रीचेक. तो मुख्यतः कृष्णधवल आहे आणि मधेच काही क्षण रंग येतो, पुन्हा जातो. तेव्हा ही खोड या जोडीला आधीपासून होती. चॅपलच्या खिडक्यांनी फक्त निमित्त दिलं.

या खोडीचं मूळ मला रंगभूमीवर दिसतं, आणि अँडरसनच्या कारकिर्दीचा हाच भाग सर्वांत दुर्लक्षित आहे. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तो लंडनच्या रॉयल कोर्ट या नाट्यगृहात नाटकं बसवत होता. कादंबरीकार डेव्हिड स्टोरीशी त्याची गाठ ‘धिस स्पोर्टिंग लाइफ’ (१९६३) या सिनेमामुळे पडली आणि पुढे स्टोरीची नाटकं त्याने एकामागून एक केली. १९६९च्या ‘द कॉन्ट्रॅक्टर’मध्ये कामगार प्रेक्षकांसमोर लग्नाचा शामियाना खरोखर उभारतात. दोर ताणतात, कापड वर चढवतात, सजावट करतात. लग्न रंगमंचावर होतच नाही. ते उरकल्यावर तोच शामियाना उतरवला जातो. १९७१च्या ‘द चेंजिंग रूम’मध्ये रग्बीचे खेळाडू येतात, कपडे बदलतात, सामना खेळून चिखलाने माखून परततात आणि अंघोळीला जातात. लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याची नाट्यपरीक्षण व्यवस्था १९६८मध्ये रद्द झाली नसती, तर रंगमंचावरच्या नग्नतेमुळे हे नाटक असं उभं राहिलंच नसतं. मधल्या वर्षी ‘होम’ आलं, जॉन गिलगुड आणि राल्फ रिचर्डसन या नटांनी साकारलेल्या दोन म्हाताऱ्यांचं.

काम हुबेहूब दाखवायचं, पण आपण काहीतरी उभारलेलं पाहतो आहोत याचा प्रेक्षकाला विसर पडू द्यायचा नाही, ही या प्रयोगांची रीत. सिनेमातलं रंगाचं येणं-जाणं हेच करतं. १९७३च्या ‘ओ लकी मॅन!’मध्ये तर गाणारं वाद्यवृंद पथकच मधेमधे पडद्यावर येतं आणि तेच नट वेगवेगळ्या भूमिकांत पुन्हा पुन्हा भेटतात. नाटक कंपनीचा हा रिवाज सिनेमात इतक्या उघडपणे आणायला धाडस लागतं.

‘इफ....’ला १९६९मध्ये कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पॅरिसच्या मे १९६८मधल्या विद्यार्थी उठावावरून तो सुचला, असं म्हणणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात. चित्रीकरण त्याच वर्षी मार्चमध्येच सुरू झालं होतं.

त्यानंतर मायदेशी त्याला सिनेमे करणं कठीणच होत गेलं. ‘ब्रिटानिया हॉस्पिटल’ १९८२मध्ये, फॉकलंडच्या युद्धाच्या ऐन धामधुमीत लागला. देशाची अवस्था एका रुग्णालयात दाखवणारा सिनेमा त्या वातावरणात कोणालाच नको होता आणि तो पडला. तो दुर्बळ होता म्हणून पडला हे मत मला मान्य नाही. पुढचा ‘द व्हेल्स ऑफ ऑगस्ट’ (१९८७) अमेरिकेत झाला, लिलियन गिश आणि बेटी डेव्हिस या दोन वृद्ध अभिनेत्रींना घेऊन. स्टोरीचं नाटक त्याने १९८९मध्येही बसवलं. १९९४मध्ये फ्रान्समध्ये त्याचं निधन झालं. त्याच्या रोजनिशा आणि पत्रव्यवहार आज स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठात आहेत.