सिलिकॉन पॅडमधली भेग आणि उष्णतेची वाट : पार्श्वभूमी

जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या शिवारात उन्हाळ्यात सौरपंपाचा कंट्रोलर 'ओव्हर टेम्परेचर' दाखवून ट्रिप झाला, की पहिला संशय पंख्यावर जातो. त्यानंतर हीट सिंकवरच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागावरच्या, धुळीवर. मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा, तापणारा भाग) आणि हीट सिंक यांच्यामधला सिलिकॉन पॅड वरून धड दिसतो, म्हणून पुसून परत बसवला जातो. पॅडबद्दलच्या या विश्वासाला मोठा इतिहास आहे.

सिलिकॉन पॅडही एक प्रकारचे रबरच, म्हणून सुरुवात रबरापासून. रबर गंधकाने पक्के करण्याची रीत १८३९ची. पहिल्यांदा ताणलेले रबर दुसऱ्या ताणाला मऊ पडते, हे १९०३च्या प्रयोगांत नोंदले गेले. १९४०च्या दशकात काजळी भरलेल्या रबरावर याचा नीट अभ्यास झाला. पण चर्चा सगळी ताकदीची. रबराची उष्णतावाहकता ०.१५ वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास, मग ती बिघडली काय नि राहिली काय!

मायका आणि ग्रीसच्या जागी ॲल्युमिना, बोरॉन नायट्राइड भरलेले सिलिकॉन पॅड आले, तेव्हा हा प्रश्न खरा झाला. नुसत्या सिलिकॉनचा आकडा ०.२; भरलेल्या पॅडचा १ ते ६. उष्णता वाहते ती मुख्यतः एकमेकांलगतच्या कणांच्या साखळीतून. पॅड ताणला, पिळला, की कण आणि सिलिकॉन यांची पकड सुटते. डोळ्यांना न दिसणारी पोकळी तयार होते, आणि हवेची वाहकता फक्त ०.०२६.

वाद झाला तो मोजणीवरून. १९९०च्या दशकात एएसटीएम या मानक संस्थेची डी ५४७० ही पद्धत रूढ झाली : दोन धातूच्या ठोकळ्यांमध्ये पॅड दाबायचा, तापमान स्थिर होऊ द्यायचे, दोन्हीकडचा फरक वाचायचा. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळवायला हे सोयीचे, यात वाद नाही. पण त्याच दाबाने भेगा मिटतात. आडवा फाटलेला पॅडही ३४५ किलोपास्कलखाली जवळपास नव्यासारखे वाचन देऊ शकतो. विकणाऱ्याला हा आकडा गैरसोयीचा नव्हता, म्हणून डेटाशीटवर तोच राहिला.

प्रत्यक्षात टीओ-२४७ पॅकेज, म्हणजे मॉस्फेटचे एक प्रचलित आवरण, एका स्क्रूवर बसते. स्क्रूजवळ दाब जास्त, लांबचे टोक किंचित उचललेले. पॅड ०.२५ मिमी, वाहकता १, संपर्क क्षेत्र ३ चौ. सेंमी आणि उष्णता २० वॅट धरा. धड पॅडमध्ये तापमानाचा फरक साधारण १७ अंश. निम्म्या भागात ०.०२५ मिमी हवेचा थर शिरला, तर तो सुमारे २८. थर पूर्ण भागात पसरला, तर ८० अंश. ४० अंशांच्या दुपारी यातली मधली पायरीसुद्धा ट्रिपला पुरेशी ठरू शकते.

भेगेची दिशा बहुतेकदा विचारातच घेतली जात नाही. उष्णतेच्या वाटेला समांतर, म्हणजे उभी भेग, वहनाला फारशी आडवी येत नाही. दोन्ही बाजूंनी वाहतूक चालू राहते. पृष्ठभागाला समांतर भेग खरी घातक, आणि तीच वरून दिसत नाही. ती होते मुख्यतः दोन कारणांनी : हीट सिंकच्या भोकाची बर (कडेला उरलेली धातूची धारदार कड) न काढता स्क्रू आवळणे आणि चिकटलेला पॅड ओढून काढणे. एम३ स्क्रूला साधारण ०.८ न्यूटन-मीटर पुरे. त्याहून जास्त आवळले तर पॅड कडेने बाहेर सरकतो आणि मधोमध पातळ होतो. एकदा दबलेला पॅड पूर्ण जाडीला परत येत नाही, त्यामुळे मॉस्फेट बदलताना पॅडही नवाच.

अलीकडे दाबाऐवजी ठरावीक फटीत, तापणे-गार होणे यांच्या फेऱ्यांआधी आणि नंतर मोजण्याकडे कल आहे. उशिरा सुचलेली, पण योग्य दिशा. मात्र नुसत्या उष्णतेच्या आकड्यावर पॅड पास करू नये. वहनाला निरुपद्रवी ठरणारी उभी भेग विजेसाठी आरपार वाट असते, आणि पॅडच्या एका बाजूला काही शे व्होल्ट, दुसरीकडे अर्थ केलेला हीट सिंक. भेगेत धूळ आणि दव शिरले, की पहिल्या पावसात कंट्रोलर तापायच्या आधीच अर्थ फॉल्ट, म्हणजे वीज जमिनीकडे गळत असल्याचा दोष, दाखवू शकतो.