बोट, चाप आणि बार

ज्वारी हुरड्यावर आली किंवा तुरीला शेंगा धरल्या, की विदर्भातील अनेक गावांत आजही रात्री जागलीला जावे लागते. माळ्यावर बसलेल्या माणसाच्या हाती गोफण असते आणि क्वचित एखाद्या परवानाधारक शेतकऱ्याजवळ बारा बोरची बंदूक असते. रानडुकरांना आणि रोह्यांना, म्हणजे नीलगायींना, पिटाळण्याचा हेतू एकच असला तरी यंत्र म्हणून या दोन साधनांत मूलभूत फरक आहे. गोफणीतून सुटलेल्या दगडाचा सगळा वेग फेकणाऱ्याच्या दंडातून आलेला असतो. बंदुकीत मात्र बोट छर्ऱ्यांना काहीच देत नाही. ते केवळ एक अडसर दूर करते.

बोलताना आपण ‘घोडा दाबला’ असे म्हणतो, परंतु बोटाखाली असतो तो चाप. घोडा आत किंवा मागच्या बाजूस असतो आणि बंदूक सज्ज केली की तो पोलादी कमानीचा ताण सोसत एका लहानशा दातावर अडकून राहतो. चाप ओढला की तो दात खाचेतून निसटतो, कमानीत साठलेली ऊर्जा मोकळी होते आणि घोडा पुढच्या पिनेवर आदळतो. पिनेचे टोक काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीला खळगा पाडते. टोपीतील रसायन आघातानेच पेटणारे असल्याने त्याची ज्योत छिद्रातून दारूपर्यंत पोहोचते. कमान, टोपी आणि दारू अशा या साखळीत प्रत्येक कडी पुढच्या मोठ्या कडीला जागे करते.

जुन्या ठासणीच्या बंदुकीत, जिला गडचिरोली-चंद्रपूरकडे भरमार म्हणतात, दारू व छर्रे तोंडाकडून भरून गजाने ठासावे लागतात. टोपी येण्यापूर्वी नळीच्या कानाशी, म्हणजे बाजूच्या छिद्राशी, रंजक (चिमूटभर बारीक दारू) ठेवून ती ठिणगीने पेटवीत. पावसात ती भिजली की बार फुसका. अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याची अडचण मात्र वेगळी होती. रंजकीचा भडका पाहून पक्षी आधीच उडून जात. त्याने 1807 मध्ये आघाताने पेटणाऱ्या रसायनाचे पेटंट घेतले आणि पुढे त्यातूनच टोपी आली. शिकाऱ्याच्या चिडचिडीतून आलेला हा शोध पुढे सैन्यांच्या कामी आला.

दारू सुरुंगासारखी फुटत नाही, ती जळते. मात्र दाब वाढेल तशी अधिक वेगाने जळते. उघड्यावर पेटवली तर केवळ भडका उडेल, बंद नळीत तीच दारू मिलिसेकंदांत वायू होते. पॉल व्हिएई या फ्रेंच रसायनज्ञाने 1884 मध्ये धूरविरहित दारू तयार केली. भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत आज जी प्रणोदके, म्हणजे गोळे-गोळ्यांना ढकलणारी दारू, बनतात, ती त्याच परंपरेतली.

बारा बोरच्या नळीत कमाल दाब 700 वातावरणांच्या घरात जाऊ शकतो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात हवेचा दाब जेमतेम एका वातावरणाइतका भरलेला असतो. मग मागून उघडणाऱ्या नळीतून हा वायू नेमबाजाच्या तोंडावर का येत नाही? मागची बाजू पोलादी खिळीने घट्ट बंद असते हे खरेच, पण उरलेली बारीक फट बुजवते ते काडतुसाचे कवच. दाबाने ते फुगून नळीला चिकटते आणि दाब उतरताच किंचित आकसून सहज बाहेर निघते. माझ्या मते बंदुकीतील सर्वांत चतुर भाग हाच, आणि आपण तो शेतात फेकून देतो.

‘बारा बोर’ ही मिलिमीटरांची मोजणी नव्हे. एक पौंड, म्हणजे सुमारे 454 ग्रॅम, शिशाचे 12 सारखे गोळे केले तर त्यातील एका गोळ्याचा व्यास तो नळीचा व्यास, सुमारे 18.5 मिलिमीटर. त्यामुळेच सोळा बोरची नळी बारीक असते. ही नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत नागमोडी नव्हे तर मळसूत्री खाचा असतात, त्या गोळीला गरगर फिरवतात आणि भोवऱ्याप्रमाणे तिची दिशा स्थिर ठेवतात.

उरतो तो धक्का. 32 ग्रॅम छर्रे सेकंदाला 400 मीटर वेगाने निघाले, तर 3 किलोची बंदूक सेकंदाला 4 मीटरहून अधिक वेगाने मागे येते. वायूंचा हिस्सा वेगळाच. दस्ता खांद्यात घट्ट रुतवलेला असेल तर शरीराचे वस्तुमान बंदुकीला जोडले जाते आणि धक्का पसरतो. दोन बोटांचे अंतर ठेवणाऱ्याला बंदूक आधी वेग घेते आणि मग खांद्यावर आदळते. निळा डाग चार दिवस राहतो.