जुन्या गाडीचं पासिंग आणि टॅक्स: हे नियम आले कुठून

खान्देशात जुनी गाडी म्हटलं की रोल्स रॉइस कोणाला आठवत नाही. आठवते ती फियाट, अँबेसेडर, महिंद्राची विलीज जीप, नाहीतर जावा-येझदी. आणि असे दोन गाडीवाले अमळनेरला भेटू देत नाहीतर शिरपूरला, पहिला प्रश्न एकच, "भाऊ, पासिंग कधीपर्यंत आहे?"

टॅक्स आणि पासिंग (म्हणजे गाडी दाखवून रजिस्ट्रेशन पुढे चालू ठेवणं) एकाच आरटीओत निपटतं म्हणून एकच वाटतं, पण तसं नाहीये. घटनेने गाडीवरचा टॅक्स राज्याच्या यादीत टाकलाय आणि मोटार वाहन कायदा समवर्ती यादीत, त्यामुळे पासिंगचे नियम दिल्ली करते आणि टॅक्स मुंबई ठरवते, तोही १९५८ च्या कायद्याने.

मुळात गाडीवाल्याकडून रस्त्याचे पैसे घ्यायचे हा विचार त्याहून जुना. १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्त्यांसाठी समिती बसली, तिने पेट्रोलवर जादा कर घेऊन तो पैसा रस्त्यांनाच लावा असं सांगितलं आणि १९२९ पासून गॅलनमागे २ आणे रस्ता निधीत जायला लागले. म्हणजे जो जास्त फिरवेल तो जास्त भरेल, साधा न्याय होता. मला तो आजही पटतो.

इंग्लंडने हा न्याय जुन्या गाड्यांनाही लावला असं म्हणता येईल. तिथे १९६० मध्ये ब्रेक, लाइट, स्टीअरिंगची सक्तीची तपासणी आली, तीही आधी १० वर्षांवरच्या गाड्यांना. पण २०१२ मध्ये १९६० च्या आधीच्या गाड्यांना त्यातून सूट दिली आणि २०१८ पासून ४० वर्षांवरच्या, फार बदल न केलेल्या गाड्यांना, कारण ह्या गाड्या कमी फिरतात आणि मालक त्यांना जीव लावून सांभाळतात. रोड टॅक्सही ४० वर्षांनंतर माफ.

आपल्याकडे गाडी उलट्या दिशेने गेली. १९८८ च्या कायद्याने खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं केलं, पुढे दर ५ वर्षांनी गाडी दाखवायची. दाखवायची म्हणजे काय ते जीपवाल्याला विचारा, चेसिस नंबरवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरवर, कागद ठेवून पेन्सिल घासायची, आकडे उमटले पाहिजेत, आणि गंजाने एखादा आकडा खाल्लेला असला की गॅरेजवाला डिझेलची चिंधी घेऊन तासभर तिथेच घासत बसतो. त्यात २०१० मध्ये राज्याने १५ वर्षांवरच्या गाड्यांना पर्यावरण कर लावला, तेव्हा ५ वर्षांसाठी पेट्रोल कारला ३,००० आणि टू-व्हीलरला २,००० रुपये. गाडी महिन्याला किती किलोमीटर चालते हे कोणी विचारतच नाही, फक्त वय बघतात.

२०२१ मध्ये जुन्या गाड्या भंगारात काढायची स्क्रॅप पॉलिसी आली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियमही काढले. ५० वर्षांवरची, खाजगी, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडी व्हिंटेज. नवीन नोंदणीला २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं, पुढे परत नोंदणीला ५,०००, नंबरात व्हीए ही अक्षरं, पण आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. चालवायची मात्र रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. हे चांगलं झालं, मनापासून सांगतो, पहिल्यांदाच सरकारने जुनी गाडी भंगार नाही हे कागदावर मान्य केलं.

पण आमच्याकडच्या किती गाड्या ह्यात बसतात? १९८४ ची पद्मिनी (आपली फियाटच) किंवा येझदी २०३४ पर्यंत व्हिंटेज होणार नाही. तोपर्यंत ती साधी जुनी गाडी. एप्रिल २०२२ मध्ये कारची रिन्यूअल फी ६०० वरून ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारला १०,००० आणि मोटारसायकलला २,००० केली, पर्यावरण कर वेगळाच. जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा ३० वर्षांची गाडी ऐतिहासिक धरते. आपणही रेषा ३० वर आणावी, हवं तर कमी किलोमीटरची अट घालून, नाहीतर ह्या गाड्या ५० वर्षांच्या व्हायच्या आधीच भंगारवाल्याकडे गेलेल्या असतील.