अक्षरं येतात, मग शब्द का अडतो?

पहिलीतल्या मुलाला 'स' ओळखता येतो, 'ण'ही ओळखता येतो. पण दोघं शेजारी आले की ते 'स... ण...' म्हणून थांबतं आणि बाईंकडे बघत राहतं. घोकंपट्टी कमी पडली, असं आपण पटकन म्हणून टाकतो. अडचण वेगळीच असते.

बोलताना ध्वनी एकेक करून सुटे बाहेर पडत नाहीत. 'द'साठी जीभ दातांना टेकते, तेव्हाच तोंड पुढच्या स्वराच्या तयारीला लागलेलं असतं. अमेरिकेतल्या हॅस्किन्स प्रयोगशाळेतल्या अल्विन लिबरमन आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये हे सविस्तर मांडलं: ध्वनिमुद्रित बोलण्यातून नुसता 'द्' कापून काढता येत नाही, कारण स्वर त्यात मिसळलेलाच असतो. म्हणजे जे तुकडे जोडायला आपण मुलाला सांगतो, ते त्याने त्या रूपात कधी ऐकलेलेच नसतात.

देवनागरीत अक्षर स्वरासकट येतं, ही मोठीच सोय. पण त्यातला 'अ' कुठे गाळायचा, याची खूण कुठेच नाही. 'सण'मधला पहिला 'अ' राहतो, शेवटचा जातो. 'करवत'मध्ये तर मधलाही जातो: कर्-वत. 'क ला काना का' कितीही तालात म्हटलं, तरी बाराखडी हे शिकवत नाही.

सेलेनिड गोन्झालेझ-फ्रे आणि लिनिया एरी यांनी इंग्रजी वाचायला शिकणाऱ्या बालवर्गातल्या मुलांवर केलेला प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ध्वनी न तोडता, ओढून एकमेकांत मिसळायला शिकलेली मुलं नवे शब्द अधिक चांगले वाचू लागली. सुटे सुटे ध्वनी म्हणणारी मुलं शेवटापर्यंत पोचेतो सुरुवात विसरत होती. मराठीत हेच करायचं तर पहिल्या अक्षराचा 'अ' दुसऱ्यापर्यंत लांबवायचा आणि शेवटचं अक्षर आखूड ठेवायचं: सऽऽण. मध्ये श्वास तोडायचा नाही. सुरुवातीला स, म, न, र, ल बरे, कारण ते लांबवता येतात; क, ट, प हे फटकन संपतात.

जोडलेला आवाज ओळखीच्या शब्दासारखा वाटला की मूल उरलेलं स्वतःच दुरुस्त करतं. गोव्यात इथे एक गंमत होते. सत्तरी, पेडणे, डिचोलीकडच्या मराठी शाळांत येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या घरी कोकणी बोलतात. 'घर', 'माड' दोन्हीकडे तेच, तिथे काही अडत नाही. 'दिवा' आला की मात्र पंचाईत. आधी वेलांटीच फसवते: डोळ्यांना ती 'द'च्या अलीकडे दिसते, तोंडात मात्र नंतर येते. ती पार केली तरी मूल शेवटी 'दिवो' म्हणण्याची शक्यता असतेच.

याला सरसकट चूक म्हणणं मला पटत नाही. त्याने अक्षरं जोडली, अर्थही गाठला. फक्त शेवटच्या कान्याकडे नजर गेली नाही. अशा वेळी 'दिवो'ला नाही न म्हणता त्या कान्यावर बोट ठेवावं आणि 'इथे काय आहे, परत म्हण बघू' एवढंच सांगावं.