विधेयकाचा कायदा होण्याची प्रक्रिया (भारतीय संसद)

संसदेपुढे ठेवलेल्या प्रस्तावित कायद्याला विधेयक म्हणतात. दोन्ही सभागृहांची मंजुरी आणि राष्ट्रपतींची अनुमती मिळाल्यावर त्याचा अधिनियम, म्हणजेच कायदा होतो. संविधानाच्या अनुच्छेद १०७ ते १११ मध्ये ही प्रक्रिया मुख्यतः दिली आहे.

प्रत्येक सभागृहात विधेयकाची तीन वाचने होतात. पहिल्यात ते मांडले जाते आणि तिसऱ्यात अंतिम मतदान होते. खरी छाननी होते ती दुसऱ्या वाचनात, खंडनिहाय, म्हणजे कलमवार, चर्चेत. विधेयक समितीकडे गेल्यास तज्ज्ञांना आणि संबंधितांना तेथे बाजू मांडता येते, मात्र प्रत्येक विधेयक समितीकडे पाठवणे बंधनकारक नाही.

याचा अर्थ काय होतो, हे नाशिक जिल्ह्याच्या कांदा पट्ट्याने जवळून पाहिले आहे. जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ मध्ये दुरुस्ती करणारा अध्यादेश, म्हणजे अधिवेशन नसताना राष्ट्रपतींनी काढलेला तात्पुरता कायदा, जून २०२० मध्ये निघाला. त्याची जागा घेणारे विधेयक १४ सप्टेंबरला लोकसभेत मांडले गेले, दुसऱ्याच दिवशी मंजूर झाले आणि २२ सप्टेंबरला राज्यसभेनेही ते संमत केले. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला संसदीय समितीपुढे म्हणणे मांडण्याची संधी त्यात उरली नाही, ही उणीव गंभीरच म्हटली पाहिजे. कांद्याचा किरकोळ भाव शंभर टक्के वाढला तर साठ्यावर मर्यादा घालता येईल, अशी तरतूद त्या कायद्यात होती आणि ऑक्टोबरमध्येच घाऊक व्यापाऱ्यांवर २५ टनांची मर्यादा आली. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीला स्थगिती दिली. कायदा रद्द करण्यासाठीही विधेयकच लागते. हा कायदा रद्द करणारे विधेयक २९ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी मंजूर झाले.

धन विधेयक, म्हणजे केवळ कर, सरकारी कर्ज व खर्च अशा बाबींचे विधेयक, लोकसभेतच मांडता येते आणि राज्यसभेला ते १४ दिवसांत परत करावे लागते. इतर सर्वसाधारण विधेयकांवर मतभेद झाल्यास दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावता येते; १९६१, १९७८ आणि २००२ मध्ये अशा बैठकींत विधेयके मंजूर झाली.

राष्ट्रपती धन विधेयक आणि संविधान दुरुस्ती विधेयक यांखेरीज अन्य विधेयक फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. संसदेने ते पुन्हा संमत केल्यास अनुमती द्यावीच लागते. त्यानंतर कायदा राजपत्रात प्रसिद्ध होतो. पुढचे बरेच निर्णय सरकार कायद्याने मिळालेल्या अधिकारांत अधिसूचना काढून घेते. डिसेंबर २०२३ मधील कांदा निर्यातबंदी अशीच अधिसूचनेने लागू झाली. त्यासाठी नवे विधेयक लागले नाही.